क्षमेची ओळ आणि कात्री

खरं तर हे मी सांगायचं नाही. लेखनाच्या खोलीत जे कापलं जातं ते दाराबाहेर जात नाही, असा बू सुलस्त्रींचा, म्हणजे आमच्या बाईंचा, नियम आहे. पण आज दाराशी पुन्हा नवी मुलं उभी आहेत. एकमेकांना पुढे ढकलताहेत, आणि मला बघून त्यांचे चेहरे उतरलेत. म्हणून बोलते.

मी एक कात्री. योग्यकर्ता शहरातल्या एका विद्यापीठात, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली.

माझा जन्म कापडासाठी झाला. बूंच्या आई लग्नातले कबाया, बायकांचे लांब बाह्यांचे झंपर, शिवायच्या. त्यांच्या हातात मी रेशमावरून अशी फिरायचे की टेबलावर आवाजही व्हायचा नाही. "हिनं कागद कापलास तर याद राख," असं त्या लेकीला बजावायच्या. लेकीनं आई असेपर्यंत ऐकलं. नंतर ती विद्यापीठात शिकवू लागली, सगळ्यांची 'बू' झाली आणि मला इथं घेऊन आली. पहिल्याच दिवशी तिनं कागद कापला. माझी धार गेली. मी फार रुसले होते.

या खोलीत मुलं इंग्रजीत निबंध लिहायला शिकतात. मनातलं लिहायचे निबंध नव्हेत. पुरावे देऊन आपला मुद्दा पटवायचे. मुलांना वाटतं, अडचण इंग्रजीची आहे. मला खिळ्यावरून वेगळंच दिसायचं.

वेनिंग आली ती डोंगराकडच्या गावातली. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. तिचा निबंध दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा आला असता तर इंग्रजी तुकडी सोडावी लागली असती, आणि त्या तुकडीत यायला तिनं घरच्यांशी पहिल्यांदाच हट्ट केला होता. दोन्ही वेळा कडेला बूंनी एकच लिहिलं होतं, 'तुझं म्हणणं काय?'

"व्याकरणाची एक चूक नाही गं," तिच्या वर्गातला गालिह पानं उलटत म्हणाला. "अगदी लग्नपत्रिका दिसतेय. फक्त लग्न कुणाचं ते कळत नाही."

"तू गप रे. तुझ्यात तर नवरा-नवरी दोन्ही नाहीत."

बू हसल्या. "वाच, वेनिंग."

पहिल्या पानावर देवाचे आभार होते. मग आईवडिलांचे, गुरुजनांचे, मित्रांचे. मग, माझं ज्ञान तोकडं आहे, चुकांबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्याकडे कुठलंही लिखाण असंच सुरू होतं. तसं न करणं म्हणजे पाय न धुता घरात शिरणं. पुढची पानं रेवांगवर होती. लग्नघरी शेजारच्या बायका जमून रांधतात, ते रेवांग. कोण त्याबद्दल काय म्हणालं ते सगळं तिनं लिहिलं होतं. आणि अगदी शेवटी एक ओळ : काही ठिकाणी कदाचित ते अजून थोडंफार चालू असावं.

"हे कुणाचं?" बूंनी विचारलं.

"कुणाचंच नाही, बू. मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

ओढणीचं टोक सुटलं. "मावसबहिणीच्या लग्नात जेवण बाहेरून मागवलं होतं. तरी बायका पहाटेच आल्या, आपापल्या सुऱ्या घेऊन. चिरायला काहीच नव्हतं! मग त्यांनी खोक्यांची झाकणं दुमडली, पापड पिशव्यांत भरले. एकीनं तर दुमडलेली झाकणं पुन्हा दुमडली. पण घरी कुणीच गेलं नाही."

"मग रेवांग बंद पडलं, असं लिहिणारे चुकले?"

वेनिंगनं ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. तसं लिहिणारे होते पाक दर्सोनो, म्हणजे दर्सोनो सर, तिच्या विभागातले सगळ्यांत ज्येष्ठ. तोंडी परीक्षा तेच घेणार होते.

"त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, बू?"

"घरी आजोबांचं बोलणं पटलं नाही तर काय करतेस?"

"गप्प बसते."

"कायमची?"

"नाही... आधी चहा देते. मग सांगते."

"मग इथंही चहा दे," बू म्हणाल्या. "सरांचं म्हणणं आधी पूर्ण, नीट मांड. मग तुझं सांग. पण आपण कुणाच्या घरी आलोय, ते पाहुण्याला दारातच कळू दे : तुझं म्हणणं सगळ्यांत वर." आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं.

मी बोथट. कागद चावत चावत पुढे गेले. तिनं शेवटची ओळ कापली आणि सगळ्यांत वर ठेवली. मग 'कदाचित' खोडलं. थोडं थांबून 'थोडंफार'ही खोडलं.

आभारांचं पान ती टोपलीत टाकणार, तोच बू म्हणाल्या, "आभार खरे आहेत ना? मग फेकतेस कशाला? शेवटी जोड. क्षमेची ओळ तेवढी मला दे." ती पट्टी त्यांनी खणात टाकली. त्या खणात अशा पट्ट्यांचा ढीग आहे. नावं नाहीत, नुसत्याच क्षमा. सांगायचं नव्हतं ते हेच.

तोंडी परीक्षा याच खोलीत झाली. पाक दर्सोनोंनी निबंध वाचला, चष्मा काढला. "म्हणजे मी चुकलो?"

वेनिंग खाली बघून, पण स्वच्छ म्हणाली, "आपण चुली मोजल्यात, पाक. त्या विझल्यात हे खरंच आहे. मी बसलेल्या बायका मोजल्या."

"एका लग्नावरून?"

"तीन, पाक. उरलेल्या दोन घरी नंतर जाऊन विचारलं."

सरांनी शेवटचं पान उलटून संदर्भांची यादी पाहिली. मग हसू आवरत म्हणाले, "माझा लेख तू वाचलास तरी. बाकीच्यांनी नुसतं नाव टाकलंय. मला अजून पटलेलं नाही हं. पण तुझं म्हणणं काय, ते मला कळलं. जा, पास."

बाहेर पडायचंही तिला सुचेना. सर गेल्यावर ती माझ्याखालच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली. गालिहनं बर्फाच्या चहाचा पेला पुढे केला. "घे. चहा आधी द्यायचा असतो म्हणे." ती हसता हसता रडली, मग नुसतीच हसली. माझा रुसवा गेला तो त्याच दुपारी. रेशमानं कधी असा मोकळा श्वास टाकला नव्हता.

आता वेनिंग दुसऱ्या वर्षाला आहे आणि नव्या मुलांजवळ बसते. दारातल्या मुलांनो, आत या. मी फार लागत नाही. माझं मागणंही थोडंच आहे. गोंदाची बोटं माझ्या कड्यांत घालू नका, कधीतरी खिळ्याला खोबरेल लावा, आणि खणाबद्दल मी बोलले हे बूंच्या कानावर—

"कात्री कुठंय?" वेनिंग ओरडली. "आण गं लवकर! हिचं म्हणणं सापडलं, शेवटच्या पानावर आहे!"