रिकामी कमान

देगलूरला गाद्या शिवणाऱ्या हाजराबीला लेकीच्या धनुष्याचा एकेक भाग तोंडपाठ होता. मधली मूठ हातात धरायची. वरखालची पाती वाकून जोर साठवतात आणि दोरी तो जोर बाणाला देते. पिसं बाणाला सरळ नेतात. बोटांवरची कातडी बोटं सांभाळते, हातावरची पट्टी दोरीचा फटका खाते. सुमय्या रोज कमान पुसायला बसली की हाजराबी शेजारी बसून हे सगळं पुन्हा विचारायची, मुद्दाम.

कमान जुनीच होती; लातूरच्या एका पोरीनं लग्न ठरल्यावर सोडून दिलेली. पण तिच्याच जोरावर सुमय्या नांदेडला जिल्ह्यात पहिली आली आणि लातूरच्या विभागीय निवडीला तिचं नाव लागलं. निवड रविवारी होती. तोवर गावाला दम कुठला! शुक्रवारीच शाळेत सत्काराचा मांडव पडला.

प्रमुख पाहुणे अण्णाराव. मैदानावर पत्र्याचं शेड बांधून देतो म्हणाले होते, त्यामुळं क्रीडाशिक्षक सुदर्शन सर सकाळपासून त्यांच्या मागंपुढं नाचत होते. सुमय्याच्या खांद्यावर शाल पडली, एका हातात नारळ आला, दुसऱ्यात पुष्पगुच्छ. फोटोवाला म्हणाला, "साहेब, धनुष्य घेऊन एक होऊन जाऊ द्या." प्रात्यक्षिकासाठी दोरी चढवून ठेवलेली कमान सरांनी लगबगीनं साहेबांच्या हाती दिली. बाण दिला नाही.

साहेबांनी दोरी पार कानापर्यंत ओढली. सुमय्या सरांकडं वळली. बाण असला की जोर बाणाबरोबर जातो. नसला की तो कमानीतच राहतो आणि कमान फोडतो. हे तिला सरांनीच शिकवलं होतं, कमानीला हात लावू देण्याआधी. एकदा तिनं गमतीनं रिकामी दोरी सोडली, तर मैदानाला फेऱ्या मारून मारून पाय सुजले होते.

"सर, सांगा की त्यास्नी. तशीच सोडतील!"

सरांनी ऐकलं. नक्की ऐकलं. "गप ऱ्हा. पाहुणे हायत," म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले.

कडकन आवाज झाला. वरचं पातं बुडापासून चिरलं. लोकांना वाटलं, असाच आवाज होत असेल. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"मालच कच्चा दिसतोय!" अण्णाराव हसले. "नवी घेऊन देऊ पोरीला." आणि माईकवरचं भाषण शेडकडं वळलं. सुमय्या नारळ धरून तशीच उभी होती. फेकून धावायला पाहिजे होतं. पण सत्काराचा नारळ कुणी फेकतं का? तिला स्वतःच्या हातांचीच चीड आली.

नवी कमान रविवारपर्यंत आली नाही, पुढंही येणार नव्हती. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. उसनी मागावी तर गावात स्पर्धेची दुसरी होतीच कुणाकडं? लातूरला तिच्याशिवाय निवड झाली.

सोमवारी ती शाळेचा बाणांचा भाता परत द्यायला मैदानावर गेली. लिंबाखाली नवी पोरं रांगेत बसली होती. सरांच्या हातात शिकवायची साधी बांबूची कमान होती आणि आवाज चांगला खणखणीत लागला होता.

"पहिला नियम. बाणाशिवाय दोरी सोडायची न्हाई. मग कुणीबी असो!" सरांना ती दिसली. क्षणभर ते चाचरले, मग सावरून म्हणाले, "का सोडायची न्हाई, ते आता आपली सुमय्या सांगंल."

पोरं वळली. सुमय्यानं भाता सरांच्या पायाशी ठेवला.

"पाहुण्यानं सोडली तर चालतं," ती पोरांना म्हणाली. "सरांना इचारा."

ती फाटकाकडं निघाली. पोरं सरांच्या तोंडाकडं बघायला लागली.