लाल कडे

“आरोपी, गुडघे टेक!” झ्वोन्कोने पळीने कढईचे झाकण बडवले आणि सगळे हसले.

आदाम ओंडक्यासमोर गुडघे टेकून बसला. रानडुकराची शिकार संपली की जंगलाच्या कडेला हे न्यायालय भरायचेच. न्यायाधीश गावचा खाटीक झ्वोन्को. शिक्षा म्हणजे कुल्ल्यावर काठीचे तीन फटके, नाहीतर सगळ्यांना वाईन. पण आज हसू लवकर ओसरले. आदामची गोळी डुकरे उठवायला हाका घालणाऱ्या मार्टिनच्या बुटापासून वीतभरावर मातीत घुसली होती.

“बोल आजोबा, बोट कुठं होतं?” झ्वोन्कोने विचारले.

“चापावर नव्हतं. मी चाप ओढला, नुसतं ‘टक्’ झालं. मला वाटलं, काडतूस भरायलाच विसरलो. नळी खाली घेतली, अन् मग उडालं.”

“आपलं आपण? त्याला उडायची आठवण झाली वाटतं!”

“जुन्या लष्करी काडतुसांचं होतं तसं.”

“जुन्या! तुझ्याकडं व्हिंकोची होती. लाल कड्याची.”

सगळ्यांनी व्हिंकोकडे पाहिले. त्याने घास गिळला.

सैन्याने विकून टाकलेली जुनी काडतुसे स्लावोनियातल्या त्या गावात पेट्या भरभरून यायची. दहातली दोन उशिरा उडायची, एखादे उडायचेच नाही. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षे लेथवर घालवलेला व्हिंको ती उघडायचा. गोळी काढून तोलून बाजूला ठेवायची, जुनी दारू बायकोच्या मिरच्यांच्या वाफ्यात टाकायची, बुडाची ठिणगी पाडणारी निकामी टोपी काढून नवी बसवायची, नवी दारू मोजून भरायची. शेवटी टोपीभोवती लाल रंगाचे बारीक कडे. एरवी ‘टक्’ झाले की नळी समोर धरून तीसपर्यंत मोजायचे, हा नियम पोरांनाही पाठ होता. लाल कडे असले की कोणी मोजत नसे.

या वेळी त्याची मनगटे सुजली होती. शिकार शनिवारी, आणि आदामची वीस काडतुसे उघडायची शिल्लक. आदाम त्याच्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून दोघे एकमेकांचे ‘कुम’, म्हणजे धर्माचे सोयरे. ‘या वेळी जमत नाही’ एवढे चार शब्द कुमाला सांगायला व्हिंकोची जीभ रेटली नाही. शुक्रवारी दुपारी त्याने वीसही काडतुसे न उघडता कापडाने लखलखीत पुसली आणि लाल कडी ओढली.

“सांग बाबा व्हिंको,” झ्वोन्को म्हणाला, “तुझी काडतुसं उशिरा उडतात?”

“नाही.”

ते खरेही होते. त्याची उडत नसत. ही त्याची नव्हतीच.

“ऐकलंत? निकाल: बोट चापाला लागलं. आजपासून आदामची बंदूक कपाटात, आदाम कढईवर. पुढच्या शिकारीत कुणाचा जीव जायला नको.”

या वेळी कोणी हसले नाही. आदाम स्वतःच्या तर्जनीकडे बघत राहिला. “लागलंही असेल,” तो हळूच म्हणाला. “एकाहत्तरावं सरलं. हल्ली कधीकधी कळत नाही मला.”

व्हिंको उठला. “कळतंय त्याला. काडतुसं जुनीच होती. मी उघडली नाहीत, नुसता रंग लावला.”

मग मार्टिननेच टाळ्या पिटल्या. “वा! कुम असावा तर असा!”

“खोटी साक्ष!” झ्वोन्को ओरडला. “दंड, दहा लिटर वाईन!”

“अरे, मी खरं सांगतोय.”

“वीस लिटर!”

एकदा निकाल लागला की विषय पुन्हा काढायचा नाही, असा रिवाज होता. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. व्हिंको खाली बसला. बसताना त्याला हायसे वाटले. या गोष्टीची लाज त्याला पुढे सगळ्यात जास्त छळणार होती.

उरलेली एकोणीस काडतुसे त्याने त्याच दिवशी आदामकडून मागून घेतली. “तपासून देतो,” म्हणाला. मनगटांना फडकी गुंडाळून तीन दिवस तो खपला. एकेक गोळी काढली, एकेक टोपी बदलली. जुनी दारू ओंजळीत घेतली तर तिला आंबूस वास होता. एवढे चोख काम त्याच्या हातून कित्येक वर्षांत झाले नव्हते. एखादे काडतूस तसेच ठेवायला हवे होते, झ्वोन्कोसमोर उघडून दाखवायला, हे शेवटचे उघडून झाल्यावर त्याच्या लक्षात आले. की आधीच लक्षात आले होते, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

बुधवारी तो डबी घेऊन गेला. आदाम अंगणात मिरच्यांच्या माळा ओवत होता.

“कुमा, ही घे. आता पक्की आहेत.”

“आधीही पक्कीच होती की रे.”

“नव्हती. त्या दिवशी मी खोटं नाही बोललो.”

“पुरे आता,” आदाम हसला. “माझ्यापायी वीस लिटर गेली तुझी. एवढं कोण करतं?” त्याने सुई माळेत खोचली, उठून घरात गेला आणि आपला चामड्याचा काडतुसांचा पट्टा घेऊन आला. वापरून वापरून त्याचे एक भोक लांबट झाले होते. “काडतुसं तूच वापर, मी आता कढईवर. हाही ने. डब्या काय बाळगत बसतोस! शनिवारच्या शिकारीला बांध.”

त्याने स्वतःच वाकून तो व्हिंकोच्या कमरेला बांधला. आदामच्या नेहमीच्या भोकात बसेना; दोन भोके पुढे सरकवावा लागला. व्हिंको हात थोडे वर धरून उभा राहिला, शिंप्याकडे माप देताना राहावे तसा.