नावं ठेवायची नाहीत

घरामागच्या तुकड्यात तीन कोकरं आणली तेव्हाच मी मुलींना बजावलं, "ज्यांना खायचंय, त्यांना नाव ठेवायचं नाही." मुलींनी ऐकलं. शेजारी राहणाऱ्या माझ्या नणंदेनं मात्र त्याच दिवसापासून नावं ठेवायला सुरुवात केली. कोकरं मरतुकडी, शेड वाकडी आणि मी हौशी! "बघालच, वन्सं," एवढंच म्हणून मी दात-ओठ खात गवत कापत राहिले.

वर्ष सरता सरता खाटीक आला. त्यानं एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला, कण्याशी बोटं दाबली आणि माझ्याकडे वळून बघितलं. "वहिनी, हाड लागत नाही हो हाताला! खाऊ तरी काय घातलंत?"

मी मुद्दाम वन्संच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "गवतच. पण वेळेवर."

रविवारी वन्संना जेवायला बोलावलं. पहिला घास घेऊन त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि ताट पुढं सरकवलं. "अजून वाढ."

"ताई, मीठ बरोबर आहे ना?" आमच्या ह्यांनी मुद्दाम विचारलं.

"तू गप जेव!"

कोकरांना आम्ही शेवटपर्यंत नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवशी वन्संनाही ठेवता आलं नाही.