आरतीच्या टाळावर छर्रा

मी छर्रा बोलतोय. बेअरिंगमधला, बोराएवढा, पोलादी. शिक्षण म्हणाल तर फिजिक्सच्या एका धड्यापुरतं, पण तो धडा मला माझ्या पोटातून पाठ आहे.

तरुणपण कलकत्त्याजवळ बजबजच्या ताग गिरणीत गरगर फिरण्यात गेलं. बेअरिंग फुटलं आणि मी भंगारात पडलो. तिथल्या मनोहर फिटरने मला खिशात घातलं आणि कलकत्त्यात बागबाजारला बहिणीच्या घरी आणलं. तिकडे माणसं भाचीला संदेश नावाची मिठाई नेतात, यांनी छर्रा नेला.

भाची कालिंदी. इंटर सायन्सला फिजिक्समध्ये एकदा गटांगळी खाल्लेली. वडील विनायकराव कचेरीत साहेब, आणि घरीही साहेबच. त्यांनी सांगून टाकलं होतं, "यंदा राहिलीस तर कॉलेज बंद. नागपूरला काकूकडे जायचं."

गाडी अडायची एकाच ठिकाणी. ट्राम थांब्यावरून निघाली, तिचा वेग एकसारखा वाढत गेला, तर दहा सेकंदांत ती किती लांब गेली? कालिंदी शेवटचा वेग घ्यायची, दहाने गुणायची आणि ट्राम दुप्पट लांब नेऊन ठेवायची. उतारू बिचारे गंगेत.

"पुस्तक मिट," मामा म्हणाले. "याला पळवून बघ."

मच्छरदाणीच्या दोन काठ्या जोडून बांधल्या, एका टोकाखाली पाट सरकवला, झाली माझी घसरगुंडी. पण वेळ कशी मोजायची?

"ताई टाळ वाजवील की," मामा म्हणाले.

कालिंदीची आई शकुनबाई टाळ घेऊन बसल्या. ठोका पडला की मी असेन तिथे कालिंदी खडूने खूण करी. बघते तर काय, सगळ्या खुणा सारख्याच अंतरावर.

"म्हणजे याचा वेग वाढतच नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मामावर गेलाय," विनायकराव वर्तमानपत्राआडून म्हणाले.

मला इतकं हसू आलं की मी टुणकन उडी मारून पलंगाखाली गेलो. कालिंदी मागोमाग आली. तिथे ती मघाचे ठोके पुटपुटत पुन्हा मोजू लागली, आणि पलंगाखालूनच तिचा आवाज आला, "आई, तू शेवटी शेवटी घाई करतेस."

"इश्श, मी कुठे? आरतीत वाजवते तसाच वाजवला."

तिथेच तर सगळं होतं. आपली आरती सुरू होते संथ, आणि शेवटाला प्रसादाच्या वासाने धावत सुटते. मी वेग घेई तशा बाईही घेत. खुणा सारख्या पडणार नाहीत तर काय?

कालिंदीने दोऱ्याला अडकित्ता बांधून खिळ्याला टांगला आणि हलकेच झुलवला.

"माझा अडकित्ता आहे तो," विनायकराव म्हणाले.

"त्याला प्रसादाची घाई नसते, बाबा."

आता प्रत्येक झोक्याला खूण. पहिली चार बोटांवर, त्यापुढचं अंतर तिच्या तिप्पट, मग पाचपट. कालिंदी खुणांकडे बघत राहिली. "शेवटचा वेग याला शेवटीच मिळतो. निघताना हा बसूनच होता. म्हणून शेवटच्या वेगाच्या निम्मा धरायचा, आणि मग वेळेने गुणायचं."

विनायकरावांनी वर्तमानपत्र ठेवलं. "बघू, मीही करतो." आणि अंगठ्याने मला असा लोटला की पहिलीच खूण भलतीकडे गेली.

"ढकलायचं नाही, बाबा. नुसतं बोट काढायचं. तो आपला जातो."

ते बराच वेळ मला दाबून धरून बसले होते. मग बोट काढलं. मी गेलो, अगदी खुणांवरून.

परीक्षेत ट्राम बरोबर जागी थांबली. कालिंदी पास झाली, पुढे बी.एस्सी.ही झाली. नागपूरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

आता ती मुलींच्या शाळेत शिकवते आणि मी तिच्या टेबलावर कागद दाबून बसतो. अंगावर जरा गंज आहे, पण उतार दिसला की अजून पायात शिरशिरी येते. पाय नाहीत, हे मान्य. दरवर्षी नव्या मुली घाबरत घाबरत मला काठ्यांवर ठेवतात, आणि घाबरलेली प्रत्येक मुलगी आधी ढकलतेच.

तुम्हीही या एकदा. बोट ठेवा, बोट काढा, पुढचं माझ्यावर सोपवा. टाळ मात्र घरी ठेवून या.