टोपणनाव : मुळा

फुमिएने जुना गेम काउंटरवर ठेवला आणि हात लगेच खाली घेतले. 

"आजी, खरं सांगा. कुणी पाठवलं तुम्हाला?" काउंटरवरच्या तोगाशीने हसत विचारलं.

"कुणी नाही. मीच खेळते."

"सकाळपासून सगळे हेच सांगताहेत. रांगेत एक तरी पोर दिसतंय का? निम्म्यांचे तर गुडघे बदललेले!"

तोगाशीचंही चुकत नव्हतं. टीव्हीला जोडा नाहीतर हातात धरून खेळा, असा हा नवा गेम सोडतीत नंबर लागल्याशिवाय मिळत नव्हता, आणि चढ्या भावाने विकणारे लोक पेन्शनरांना रोजंदारीवर रांगेत उभं करत होते. म्हणून मात्सुमोतो शहरातल्या या दुकानाने नियम केला होता : जुन्या गेमवर निदान पन्नास तास खेळल्याचं दाखवायचं, आणि खोक्यावर मार्करने नाव लिहून घ्यायचं.

फुमिएला नियमाची भीती नव्हती. भीती होती ती तिच्या मागे तिसऱ्या नंबरवर उभ्या असलेल्या चिहिरोची. मघाशी ती दिसली तेव्हाच फुमिएने मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता.

चिहिरो तिची सून. म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत सून. घटस्फोटानंतर तिने मुलाला, सोसुकेला, नेलं आणि बजावलं, पत्र नको, फोन नको, शाळेच्या दाराशी तर मुळीच नको. त्यांचं सामान बांधलं जात असताना फुमिएने नातवाच्या गेममध्ये मित्रांच्या यादीत गुपचूप स्वतःचं एक टोपणनाव घातलं होतं. तेव्हापासून रोज साडेपाचला दोघं एका बेटावर मासे धरत. सोसुके तिला ओसाकाचा पाचवीतला पोरगा समजत होता. आता त्याने लिहिलं होतं, शनिवारपासून मी नव्या बेटावर, तूही ये. ते बेट नव्या गेमवरच होतं.

तोगाशीने तिचा जुना गेम सुरू केला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"अकराशे चाळीस तास? आजी, तुम्ही तर माझ्या बापाला हरवाल! आणि हे नाव काय, 'मुळा'? ओ, ऐकलंत का, या आजी खेळात मुळा आहेत!"

रांग हसली.  मागे वळून पाहायची फुमिएची छाती झाली नाही. तोगाशी खोक्यावर तिचं आडनाव 'कुरोकोची' लिहीत होता, बाजूचं एक बटण दाखवून सांगत होता की हे दाबलं की समोरच्याशी बोलता येतं. तिला शब्द ऐकू येत होते, कळत नव्हते.

खोकं उराशी धरून ती दाराबाहेर आली. बसथांब्यावर बराच वेळ थांबल्यावर मागून पावलं आली.

"कुरोकोची-सान."

पूर्वी चिहिरो तिला आई म्हणायची. फुमिए कमरेतून खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"माफ कर. मी त्याला काही सांगितलं नाही गं. एक अक्षर नाही. हा गेम परत करते हवं तर."

 चिहिरोच्या हातातही तसंच खोकं होतं.

"पाचवीतलं पोर 'पांघरूण नीट घे' असं लिहीत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली मला कळून."

फुमिएने मान वर केली.

"मागच्या मंगळवारी तुम्ही बेटावर आला नाहीत. तो जेवला नाही."

"दवाखान्यात होते."

"निदान आधी कळवत जा त्याला." चिहिरो जायला वळली, पुन्हा थांबली. "नव्या गेममध्ये आवाज जातो. तुमचा आवाज तो विसरलेला नाही."

बस आली. फुमिएने सीटवर बसून खोकं उघडलं, गेम बाहेर काढला. पर्समधून जखमेवर लावायची पट्टी काढून तिने ती तोगाशीने दाखवलेल्या बोलायच्या बटणावर चिकटवली, आणि निघू नये म्हणून उतरेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.