घासाआधी गोळी

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचे पडलेला म्हणा, राग नाही. मी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे आणि आज माझी मान ताठ आहे. का, ते सांगतो.

पत्र्याच्या चकत्यांना दणके देऊन मला घडवलं आणि दुकानाच्या फळीवरून उचललं ते एका इस्त्री करणाऱ्या ताईनं. ती मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या चादरी तिथे येत. इस्त्रीच्या तापलेल्या, फिरत्या रुळाखाली त्या सरकवत ती दिवसभर उभी असायची. पहिली चार वर्षं मी चाटूनपुसून रिकामा घरी यायचो. डब्याला याहून मोठी शाबासकी नसते.

मग ताईचे गुडघे धरले. मुकादमाच्या खणात दुखण्याच्या गोळ्या भरलेल्या असत. बाया त्याला पाठीमागे 'घड्याळ' म्हणत, कारण तो माणसाकडे बघायचाच नाही, मनगटाकडे बघायचा. "घे दोन आणि लाग कामाला," एवढीच त्याची डॉक्टरी. ताई सकाळी सातला उपाशीपोटी दोन घ्यायची, दुपारी बाराला आणखी दोन. जेवणाची सुट्टी दोनला. असं दोन वर्षं, रोज. मी स्पष्टच बोलतो: असं फुकट वाटलेलं औषध हे औषध नव्हेच, ती कामाची वसुली असते.

गुडघा गप्प बसला, पण गोळी आतून पोट कुरतडत होती. ताईची भूक मेली. मी अर्धा भरलेला परत येऊ लागलो. मला घासताना तिची मुलगी विचारायची, "आई, आजही टाकलंस?" ताई म्हणायची, "उकाड्यानं जात नाही गं."

एके दिवशी ती रुळासमोरच भोवळ येऊन पडली. बोटं रुळापासून वीतभर लांब राहिली म्हणून वाचली. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता सांगितलं, "शी काळी होईल, घाबरू नका." गुडघ्याच्या गोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. मुकादमानं बजावलं, "तीन महिन्यांत दहाच्या वर आण. नाहीतर रुळावर ठेवणार नाही, आणि दुसरं काम माझ्याकडे नाही."

ताई लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची. चहा लोहाला अंगी लागू देत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. महिना गेला, आकडा सातावरच. चादरींच्या घड्या घालणारी मावशी म्हणाली, "अगं, लोह खातेस की हवा?" हसल्या सगळ्या. ताई हसली नाही.

लोहाचं नवं पाकीट आणायला ती औषधांच्या दुकानात गेली. तिथल्या बाई तोंडानं फटकळ. ताईनं मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि जुनं पाकीट दाखवायला वरचा कप्पा उघडला. आत दोन तऱ्हेच्या गोळ्या.

"ही दुसरी कोणाची?"

"माझीच. गुडघ्यांची."

"रोज?"

"रोज चार."

"काय खाऊन?"

"सुट्टी दोनला होते हो, बाई."

"म्हणजे काही न खाता. शी काळी होते?"

ताईनं मागे पाहिलं. रांगेत दोन माणसं होती. "हळू बोला ना. ते लोहामुळे, डॉक्टर म्हणालेत."

"लोह सुरू करायच्या आधी कशी होती?"

ताईनं माझं झाकण लावलं. मग पुटपुटली, "आधीही काळीच. डांबरासारखी. ही काय कोणाला सांगायची गोष्ट आहे?"

"हीच सांगायची गोष्ट आहे. ते रक्त असू शकतं, ताई. एक गोळी पोटाला भोक पाडतेय, दुसरीनं तुम्ही भरायला बघताय, तेही चहात बुडवून. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा. उद्या नाही."

दवाखान्यात दुर्बीण घातली. पोटात झिरपणारी जखम होती. दुखण्याची गोळी बंद झाली, पोटाचं औषध सुरू झालं. लोह चहापासून दोन तास लांब, लिंबाच्या पाण्याबरोबर. गुडघ्यांना शेक आणि व्यायाम. आणि मी? पुन्हा तळ दिसेपर्यंत रिकामा.

तीन महिने भरले त्या दिवशी ताईनं रिपोर्ट मुकादमाच्या टेबलावर ठेवला. त्यानं सवयीनं घड्याळ पाहिलं.

"साडेदहा," ताई म्हणाली. "वेळ नव्हे, माझं रक्त. आणि आता पहिली सुट्टीही साडेदहालाच पाहिजे."

"मी म्हणेन तेव्हा सुट्टी."

तिच्या मागे अठरा बाया आपापला डबा घेऊन उभ्या राहिल्या. मावशी म्हणाली, "मग रूळ तुम्हीच चालवा, साहेब. गुडघे दुखले तर गोळ्या आहेतच तुमच्या खणात."

मुकादमानं पहिल्यांदा मनगट सोडून माणसांकडे पाहिलं. सुट्टी मिळाली. खण रिकामा झाला. ताई आजही रुळावर आहे आणि साडेदहाला अठरा-एकोणीस डबे एकदम खडखडत उघडतात. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा.

मित्रांनो, एक ऐका. पोटात घास आहे म्हणून गोळी रोज चालते, असंही नाही. तुमच्या घरात कोणी दुखण्याची गोळी रोज खात असेल, तर विचारा: किती दिवस झाले, डॉक्टरांना माहीत आहे का, आणि शी कोणत्या रंगाची होते. विचारताना लाज वाटेल. वाटू द्या. लाजेनं फक्त कान लाल होतात. गप्प राहण्यानं माणूस जातो.