अर्कमहाराज आणि गुलाबी पाणी

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर अर्कमहाराजांनी गुलाबी पाण्याचा पेला उंचावला आणि एका रुग्णाच्या हाती नळी दिली.

"फुंका! आतला कॅन्सर बोलू दे!"

त्याने गाल फुगवून फुंकर मारली. पाणी गुलाबीच राहिलं.

"पाहिलंत? किती मस्तवाल आहे तो!" महाराजांनी त्याला हिरव्या अर्काचा चमचा पाजला आणि दुसरा गुलाबी पेला पुढे केला. पुन्हा फुंकर. बुडबुडे उठले, रंग फिकटला आणि बघता बघता पाणी नितळ झालं.

"मेला! पेशी न् पेशी मेली! केमो एकटी लंगडी आहे, मायबापहो. तिला माझ्या पाल्याची काठी द्या, मग बघा कशी धावते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डोक्याला रुमाल बांधलेली धाकटीही टाळ्या वाजवत होती. शेजारी तिची थोरली बहीण बसली होती. थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. पण धाकटीचा कॅन्सरचा रिपोर्ट आल्यापासून तिच्या डोक्यात जणू कापूस भरला होता. रंग गेलेला तिने पाहिला, पण आत काहीच हललं नाही. धाकटी कित्येक दिवसांनी हसतेय, एवढंच तिला दिसलं. दोघी हिरव्या अर्काची बाटली घेऊन घरी आल्या.

पुढच्या केमोला डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग धाकटीचे पिवळसर डोळे. "आज केमो देता येणार नाही. लिव्हर सुजलंय. आणखी काय घेता?"

थोरलीने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "झाडपाल्याशी माझं वैर नाही. तुम्हाला सलाईनमधून देतो ना, त्यातलं एक औषध मुळात सदाफुलीतच सापडलंय. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या वनस्पती कितीतरी आहेत. पण बशीला लिव्हर नसतं, माणसाला असतं. कुठला अर्क, किती, कुठल्या केमोबरोबर, हे माणसांवर नीट तपासल्याशिवाय दोन्ही एकत्र घेणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं."

"पण रंग गेला की! सगळ्यांनी पाहिला," धाकटी पुटपुटली.

"रंगाचं काही मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," थोरली म्हणाली. हजेरी द्यावी तसा कोरडा आवाज होता.

पुढच्या सभेला ती सरळ व्यासपीठावर चढली. "मी आजारी नाही. अर्काचा थेंबही घेतलेला नाही," असं म्हणून तिने अर्कानंतर फुंकायच्या दुसऱ्या पेल्यात फुंकलं. पाणी नितळ झालं.

महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "तुमच्यातही लपला होता, ताई! वाचलात!"

लोक हसले. थोरली हसली नाही. "बरं. मग आता ज्यांना अर्क पाजलात, त्यांनी पहिल्या पेल्यात फुंकावं."

महाराज पेला उचलायला धावले. पण नुकताच अर्क प्यालेल्या एका रुग्णाने नळी आधीच तोंडाला लावली होती. तो फुंकत राहिला, दम लागेपर्यंत. पाणी गुलाबीच्या गुलाबी.

"दोन्ही पेल्यांत कॉस्टिक सोडा आहे," थोरली वर्गात सांगावं तसं सांगू लागली, "आणि सोड्यात गुलाबी दिसणारं एक रसायन. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सोड्याचा जोर मोडतो, रंग जातो. पहिल्यात सोडा भरपूर, दुसऱ्यात नावाला. फुंकर कुणाचीही चालते. कॅन्सरचा यात काडीचाही संबंध नाही."

अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. उरलेल्या अर्ध्यांनी "घेऊन बघायला काय जातंय" म्हणत रांग धरली.

घरी धाकटीने विचारलं, "ताई, पहिल्याच दिवशी ओळखलं नव्हतंस?"

"डोळ्यांनी ओळखलं असेल. मला नाही कळलं."

धाकटीने थोरलीचा हात धरला. थोरलीला आपलाच हात लाकडाचा वाटला.

अर्क थांबला, लिव्हरची सूज हळूहळू उतरली, केमो पुन्हा सुरू झाली. पुढे काय होईल ते कुणीच छातीठोक सांगत नव्हतं. निदान खोटं तरी कुणी सांगत नव्हतं.

एकदा दवाखान्यात ताटकळताना शेजारच्या बाईच्या पर्समध्ये थोरलीला हिरवी बाटली दिसली.

"डॉक्टरांना दाखवलीत?"

"छे हो, रागावतील."

"रागावू द्या की. त्यांच्या रागाने कुणाचं लिव्हर सुजत नाही. पाला असो, पूड असो, देवाचं तीर्थ असो. पोटात घालण्याआधी विचारा. आणि जो विचारू देत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका."

बाईने जरा वेळ पर्स घट्ट धरली. मग तिचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ती बाटली हातात घेऊनच आत गेली.